भोकाच्या पैशाचं छप्पर

आमचे दाजी अंबुका जमिनीवर असले की अगदी गरीब गाय वाटायचे. खांदे पाडून चालायचे, समोरून कुणी आलं की आपणच बाजूला व्हायचे. छपरावर चढले की मात्र त्यांना वाचा फुटायची. उजव्या गालात खिळे आणि डाव्या गालातून गप्पा. आमच्या केनियातल्या मारागोलीच्या डोंगरात गवताची छपरं जाऊन पत्रे आले ते बरेचसे त्यांच्याच हातचे. त्यामुळे कुणाच्या चुलीवर कोंबडी शिजते आणि कोण मक्याच्या उगाली-पाल्यावर भागवून ढेकर मात्र कोंबडीची देतो, हे त्यांना वरून दिसायचं. "समोरून सगळेच बरे दिसतात रे किसिया," ते मला म्हणायचे. "माणूस बघावा तो वरून."

किसिया म्हणजे मी, त्यांचा मेहुणा. माझी थोरली बहीण मुहोंजा त्यांना दिलेली. कशी दिली, त्याचीच ही गोष्ट.

पत्र्याला खिळा मारायचा तर त्याच्या डोक्याखाली चकती लागते, नाहीतर पाणी थेट घरात. चकती म्बालेच्या बाजारात पाच सेंटांना एक. आणि तेव्हाच्या इंग्रज सरकारचं एका सेंटाचं नाणं मधोमध आयतं भोक पाडूनच यायचं. दाजी गिऱ्हाइकाला सांगायचे, "चकत्या नकोत, सुटे आणा." मग नाण्यावरच्या राजाच्या नावावर खिळा धरून असा हाणायचे की खालून बघणाऱ्यालाही बरं वाटायचं. लोक या छपरांना 'अंबुकाची बँक' म्हणत. सोयरे उसने मागायला आले की वर बोट करून सांगता यायचं, "आहेत हो पैसे, पण गुंतलेले आहेत."

माझी आई कागेहा मात्र एका सेंटाला तयार होईना. वडील गेल्यावर केळी विकून तिनं आम्हाला वाढवलं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही अशी बाई, पण मानाला फार जपायची. "एका सेंटाचं छप्पर? माझ्या घराला? लोक काय म्हणतील? दहाची नाणी मार." दहा सेंटांचं नाणं मोठं, त्यालाही भोक. केळी विकून आलेलं असं एकेक नाणं ती घायपाताच्या दोरीत ओवून ठेवायची. दोरी ती स्वतः वळायची आणि तिच्यात लाल सुताचा एक धागा घालायची. अशा चार भरगच्च माळा तिनं दाजींच्या हाती दिल्या. तेव्हा ते दाजी नव्हते, नुसते अंबुका होते.

आमचं घर टेकडीच्या अगदी माथ्यावर. त्याहून उंच जागा आसपास नाही. म्हणजे आमचं छप्पर बघणारा एक देवच. हे आमच्याआधी अंबुकांच्या ध्यानात आलं होतं.

छप्पर शाकारायला लागावेत त्याच्या दुप्पट दिवस त्यांनी लावले. मुहोंजा पाणी घेऊन आली की हातोडा थांबायचा आणि ती विहिरीकडे वळली की पुन्हा वाजायचा. छप्पर पुरं झालं आणि महिनाभरात हा गडी देजाची, म्हणजे मुलीच्या बदल्यात द्यायची, कालवड घेऊन दारात हजर. हडकुळी होती, पण चार पायांची होती. आमच्या काकांनी तिचे दात बघितले, आईनं सगळं नीट न्याहाळलं, आणि लग्न झालं.

आमच्यात जावई झाला की सासूचं तोंड बघायचं नाही, तिच्या हातात हात द्यायचा नाही, तिच्या घरात पाऊल टाकायचं नाही. छपरावर चढणं तर दूरच, ते तिच्या डोक्यावर पाय दिल्यासारखंच. दाजी हे इतकं कडक पाळायचे की वाटेत आई दिसली की सरळ केळीत घुसायचे. आई डोक्याचं फडकं पुढे ओढून दुसरीकडे बघायची. असा मर्यादेचा जावई मिळायला नशीब लागतं, असं सगळी टेकडी म्हणायची.

पंधरा-सोळा वर्षं अशी गेली. गोरे गेले, केनियाचं राज्य आलं, आपली नाणी आली. नव्या नाण्याला भोक नव्हतं. "साहेब गेला आणि भोक बुजलं," लोक म्हणायचे. आई मात्र चिडली होती. "ओवायचं कशात हे? पुरुषांना खिसे आहेत. आम्ही काय तोंडात धरू?" मग एक दिवस मुखियानं सभा घेऊन सांगितलं की भोकाचे पैसे बंद होणार. पुढच्या पिकाच्या आत ते पोस्टात देऊन नवे घ्या, नंतर त्यांना कवडीची किंमत नाही.

झालं! ज्या नाण्यांकडे इतकी वर्षं कुणी मान वर करून बघितलं नव्हतं, त्यांच्यासाठी माणसांचा जीव तुटायला लागला. दाजींच्या दारात रांग. एका छपराची सगळी नाणी मिळून तीन शिलिंग, म्हणजे तीनशे सेंट व्हायची. ती काढायचे दाजी दोन शिलिंग घ्यायचे, आणि नव्या चकत्या मारायचे वेगळे. गणित कुणी करत नव्हतं. पैसा केवढा का असेना, तो बुडणार म्हटलं की माणसाचं डोकं आधी बुडतं. दाजी वरून हसत खिळे उपटत होते. आयुष्यात त्यांनी इतकं कधी कमावलं नव्हतं.

आणि मग आई मला म्हणाली, "आपलं छप्पर कधी रे? माझे दहाचे आहेत. जावयांना चढता येत नाही, तर तू चढ."

त्याच संध्याकाळी दाजी काखेत कोंबडी धरून माझ्या घरी आले. मी सायकली दुरुस्त करायचो, तेव्हा नुकतंच माझं लग्न झालं होतं.

"मेहुणे," ते म्हणाले, "पाय मुरगळला म्हणून सांग."

"कुणाचा?"

"तुझा."

"का म्हणून?"

दाजींनी कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली आणि खाली बघत म्हणाले, "वर दहाची नाणी नाहीत. एकाची आहेत."

"आणि दहाची?"

"ती... चालत तुमच्या घरी आली."

मला उमगायला थोडा वेळ लागला. मग मी इतका हसलो की मांडीवरची कोंबडी उडून गेली. आईच्याच पैशाची कालवड आईलाच देज म्हणून! दाजी मात्र हसले नाहीत. "हसू नकोस. हे बाहेर आलं तर देज दिलंच नाही असं होईल. तुझा काका मुहोंजाला माघारी नेईल. चार पोरांची आई ती. मी काय करू रे तिच्याशिवाय?" त्यांचे डोळे खरोखर भरले होते. मला वाईट वाटलं. तरी मी कोंबडीच्या जोडीला एक नवी विजार मागून घेतली.

पण मुरगळलेला पाय किती दिवस पुरणार? दाजींनीच दुसरी युक्ती काढली. तेवढी दहाची नाणी त्यांनी बाजारातून गोळा केली. सगळा डोंगर भोकाचे पैसे देऊन नवे घेत होता आणि हे एकटे नवे देऊन भोकाचे घेत होते. वाण्यांना वाटलं, उन्हात छपरावर बसून बसून याचं डोकं फिरलं. ती नाणी माझ्या नव्या विजारीच्या खिशात घालून मी वर जायचं आणि उपटली असं दाखवून एकेक खाली टाकायचं. "मधून मधून हातोडा मार बरं का," दाजींनी दहादा बजावलं, "विसरू नकोस."

आई अंगणात सूप घेऊन बसली. दाजी केळीत लपून होते. मी वर चढलो आणि लगेच कळलं की नाणी फार जड असतात. एक खिसा हलका होऊ लागला तशी विजार दुसऱ्या अंगाला घसरायला लागली. एका हातानं पत्रा धरला होता, दुसऱ्यानं विजार. नाणी टाकायलाच तिसरा हात कमी पडत होता, हातोडा कशानं मारणार? पण नाणी पडत होती, टण टण सुपात वाजत होती, आणि मला वाटलं, जमलं.

"किसिया, थांब जरा."

"काय गं आई?"

"पैसे पडतायत ते ऐकते आहे. खिळा निघाल्याचा आवाज कुठाय?"

मी घाईघाईनं पत्र्यावर हातोडा आपटला. विजारीनं साथ सोडली.

"झाक आधी ते," आई म्हणाली, "आणि खाली ये."

मी खाली आलो तेव्हा ती घरात जाऊन परत आली होती. हातात एक जुनी दोरी होती. घायपाताची, काळपट पडलेली, पण आतला लाल धागा अजून दिसत होता.

"केळीत कुणी असलं तर त्यांना सांग—"

"केळीत कुणी नाही, आई."

"मग नसलेल्याला सांग. ती कालवड माझ्या दारात आली, तेव्हा तिच्या गळ्यात ही दोरी होती. माझ्या हातची. मी चार माळा दिल्या होत्या, त्यातली एक. सांग त्यांना, पैसे घेतले तर घेतले, पण माणसानं दोरी तरी स्वतःची आणावी!"

केळीत पानं सळसळली आणि कुणीतरी खोकलं.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?" माझ्या तोंडून निघालं. "मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? तुझी बहीण त्याच्यावर इतकी भाळली होती की पाण्याला जायची ती रिकामी घागर घेऊन परत यायची. शिवाय छप्पर चांगलं मारलं होतं, गळत नव्हतं. म्हटलं, असू दे. म्हातारपणी उपयोगी पडेल."

मी धीर करून म्हणालो, "पण आई, आता तर सगळं फिटलं की. तुझे दहाचे तुला परत मिळाले. बघ, सूप भरलंय."

आईनं सूप मांडीवर ओढून घेतलं. "हे? हे छपराचे. मी दहाच्या छपराचे पैसे दिले आणि इतकी वर्षं एकाच्या छपराखाली झोपले, त्याचे. मुलीचं वेगळं. माझ्याच गाईवर माझीच पोर नेली, म्हणजे देज अजून आलेलंच नाही. सांग त्यांना, सरकारनं भोकाच्या पैशाला जी तारीख दिली आहे, तीच माझी. त्या दिवसापर्यंत गाय आली नाही, तर मुहोंजा माझ्या घरी." आणि ती दोरी तिनं माझ्या हातात दिली. "हीच बांधून आणायला सांग. मला ओळखता येते."

मी दोरी घेऊन केळीत गेलो. दाजी खाली बसले होते. मला वाटलं, रडतायत. जवळ गेलो तर हसत होते, आवाज येऊ नये म्हणून तोंडात पंच्याचा बोळा कोंबून. "अरे, ही बाई छपरावर चढली असती," ते म्हणाले, "तर मला पोटाला मिळालं नसतं."

पण गाय घ्यावी लागली. छपरं उपटून मिळवलेलं सगळं तीत गेलं, वर माझ्याकडून उसने घेतले ते अजून दिलेले नाहीत. त्या तारखेला सकाळी पोस्टापुढे भोकाचे पैसे घेऊन आलेल्यांची झुंबड उडाली होती आणि दाजी चांगल्या तुकतुकीत गाईला घेऊन टेकडी चढत होते. पुढे मुहोंजा चालत होती. तिनं नवा झगा घातला होता, चौथ्या पोराला पाठीशी बांधलं होतं आणि मान अशी ताठ होती की नवरीचीही नसेल. दाजी केळीपाशी थांबले आणि गाईला थाप मारून पुढे सोडलं.

आईनं गाईकडे बघितलंच नाही. आधी दोरी सोडली, लाल धाग्यावरून बोट फिरवलं, आणि मुहोंजाला म्हणाली, "ये. आता तुझं लग्न झालं."

मग दोरीची नीट गुंडाळी करून ती तिनं आत नेली आणि पुन्हा तिच्या खुंटीला अडकवून ठेवली.