ट्यूबची पट्टी

तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून येऊन नुकताच चहा टाकला होता. "शनिवारी सकाळी येतेय. बाईक घेऊन जाईन म्हणते," एवढंच बोलली. मी "ये की" म्हणालो. तोवर चहा उतू गेला होता.

माझी बायको पाच महिन्यांपूर्वी घर सोडून भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये बहिणीकडे राहायला गेली. मोठं भांडण वगैरे काही झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, निदान मिटवायला काहीतरी हाताशी असतं. जाताना तिने कपडे नेले, लॅपटॉप नेला, कुंडीतला कढीपत्तासुद्धा नेला. बाईक मात्र पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगखाली राहिली. तिची बाईक इथे आहे म्हणजे ती अजून पूर्ण गेलेली नाही, अशी मी पाच महिने स्वतःची समजूत घालत होतो.

बाईकही साधी नाही, डर्ट बाईक. उंच, जाड दात्यांच्या टायरची, मागे बसायला जागा नसलेली. सेल्फ नाही, किक मारूनच चालू करायची. लग्नाआधी तिने स्वतःच्या पगारातून सेकंडहँड घेतलेली. रविवारी सकाळी ती मिठागरांमागच्या कच्च्या रस्त्यांवर सुसाट सुटायची आणि मी स्कूटरवर चहाचा थर्मास घेऊन मागून. लोक मलाच विचारायचे, "बाईक आपकी है?" मी "मॅडम की" म्हणालो की त्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. मला तिचा भयंकर अभिमान वाटायचा. तिला मात्र हे कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी किक बिघडली. पायाने दाबली की इंजिन चालू व्हायचं, पण किकचा दांडा परत वर यायचा नाही, तसाच लोंबकळत राहायचा. आत त्याला वर खेचणारी स्प्रिंग असते, ती तुटली, असं मी इंजिनचा एक बोल्टही न सोडता जाहीर करून टाकलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि दांडा वर उचलून फ्रेमला बांधला. "रविवारी खोलून बघू. तोवर चालतंय ना?"

'चालतंय ना' हे माझं लाडकं वाक्य. बाथरूमची कडी, मिक्सरचं झाकण, गॅलरीतला नळ, आमच्या घरात सगळंच कशाने तरी बांधलेलं होतं. तो रविवार काही उजाडला नाही, उलट एक रीत पडून गेली. ती बाईकवर बसायची, पट्टी सोडायची, किक मारायची. इंजिन लागलं की "बांध" म्हणायची आणि उजवा पाय बाजूला धरायची. मी वाकून दांडा उचलायचो, पट्टी आवळायचो. खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. तिला माझी गरज लागते असा आठवड्यातला तेवढाच एक क्षण उरला होता.

कारण एरवी आम्ही एकमेकांशी फक्त दूध, गॅस आणि लाइटबिल बोलत होतो. "आपल्याला नीट बोलायला हवं रे. असं किती दिवस राहायचं?" ती विचारायची. मी मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचो, "रविवारी बोलू." हेही दीड वर्ष चाललं. मग एका सोमवारी ती गेली.

फोन ठेवल्यावर आधी मनात पाप आलं. किक आहे तशीच राहू दिली तर? बहिणीकडे पट्टी बांधायला कोण बसलंय? बाईक नेता येणार नाही, पुन्हा यावं लागेल, पुन्हा चहा होईल. मग माझी मलाच लाज वाटली. दोन वर्षं जे केलं नाही ते आता तरी करावं, म्हणजे हा माणूस बदलू शकतो एवढं तरी तिला दिसेल. शुक्रवारी रजा टाकली आणि बाईक टेम्पोत चढवली. वॉचमनने विचारलं, "साहब, मॅडम की गाडी बेच दी क्या?" त्याच्यावर मी उगाचच खेकसलो.

वरसाव्याला एक म्हातारे मेकॅनिक आहेत, घराच्या ओट्यावरच त्यांचं गॅरेज. मी म्हणालो, "काका, काम मी करणार. तुम्ही फक्त सांगत जा." त्यांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. "करा की. माझं काय जातंय?"

ऑइल काढलं. दांडा काढला. उजव्या बाजूच्या कव्हरचे बोल्ट एकेक करून सोडवले, कव्हर ओढताना आतलं पॅकिंग फाडलं आणि काकांच्या शिव्या खाल्ल्या. आत बघतो तर स्प्रिंग अख्खी. काळी, तेलकट, पण अख्खी. काकांनी बोट घालून चाचपली.

"तुटली न्हाय," ते म्हणाले. "सुटलीय नुसती."

एक टोक खोबणीतून निसटलं होतं, बस. दोन वर्षं मी जिला तुटलेली म्हणत होतो ती आत धडधाकट होती. कोणीतरी उघडून बघायची वाट बघत होती. मला रडू आलं. काळ्या हातांनी डोळे पुसले, तोंडही काळं झालं. काकांनी चिंधी पुढे केली.

मी टोक खोबणीत अडकवलं. दांडा तरी लुळाच. "तशी न्हाय," काका म्हणाले. "आदी पीळ द्यायचा, मंग अडकवायची. ताण न्हाय तं वर येल कशी?" स्प्रिंग पकडीत धरून पिळायची आणि पिळलेलीच न सोडता टोक बसवायचं. चार वेळा निसटली, बोटाचं सालटं गेलं. पाचव्यांदा बसली. दांडा दाबला, टक्कन वर आला. वीसेक वेळा तरी मी तो दाबून बघितला असेन. कव्हर लावताना, ऑइल भरताना, टेम्पोत परत येताना माझ्या डोक्यात एकच घोकणं चाललं होतं. तुटलेलं नाही, सुटलंय नुसतं.

शनिवारी ती आली. बूट, हेल्मेट, केस कापलेले. छान दिसत होती. चहा नको म्हणाली. पट्टी सोडायला वाकली तर पट्टी नाही, ती माझ्या खिशात होती. तिने दांडा हाताने दाबला, तो वर आला. पुन्हा दाबला. "कोणी केलं?"

"मी," असं म्हणून मी सालटं गेलेलं बोट दाखवलं. आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. "स्प्रिंग तुटली नव्हतीच गं. सुटली होती फक्त. उघडून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

मी कशाबद्दल बोलतोय ते तिला कळलं. तिचे डोळे भरून आले, आणि क्षणभर मला वाटलं, जमलं.

"खरंय तुझं," ती हळू म्हणाली. "तुटलं असं काहीच नव्हतं. पण मी सुटले रे."

ती बाईकवर बसली, तिने किक मारली. पहिल्याच किकला इंजिन लागलं. सवयीने तिने उजवा पाय बाजूला धरला. सवयीनेच मी खिशातली पट्टी काढून खाली वाकलो. दांडा केव्हाच वर जाऊन बसला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "आता बांधावं लागत नाही."