व्हेंटवरचे हातमोजे

आधीच सांगतो, मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. नागपूरला मित्र भुताचे किस्से सांगायचे, तेव्हा सगळ्यात जास्त टिंगल मीच करायचो. पण गेल्या जानेवारीत जे झालं, त्याची टिंगल मला करता येत नाही...

आम्ही कॅनडात रेजिनाला राहतो – मी, बायको मंजिरी आणि आठ वर्षांची ईरा. बाबा गेल्यावर आईही आमच्याकडे आली. उणे तीस म्हणजे काय, हे तिला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. मग तिने स्वतःला एक काम लावून घेतलं. हॉलमध्ये जमिनीला व्हेंटची जाळी आहे, तिथून फर्नेसची, म्हणजे बेसमेंटमधल्या घर तापवायच्या भट्टीची, गरम हवा येते. कुणीही बाहेर निघालं की आई आधी त्याचे हातमोजे त्या जाळीवर ठेवायची. अंगठे आत दुमडून, ईराचे बरोबर मधोमध. "थंडे हातमोजे घालून नको जाऊ बाप्पा!"

तिचं एकच मागणं होतं. "समुद्र नाही पाहिला रे मी कधी. एकदा पाय बुडवून घेईन, बस." मी दोन हिवाळे म्हणत राहिलो – पुढच्या वर्षी नक्की. तिसऱ्या वर्षी खरंच जमैकाची चार तिकिटं काढली आणि ऑक्टोबरमध्ये आई गेली. झोपेतच.

मला जायचं नव्हतं. मंजिरी म्हणाली, "अरे, त्यांचीच इच्छा होती ना? चल." निघायच्या सकाळी, घर रिकामं राहणार म्हणून, फर्नेसचा थर्मोस्टॅट पंधरा डिग्रीवर आणायचा होता. त्याच्या शेजारीच आईचा फोटो लावलाय. तिच्या नजरेला नजर देववेना. मान खाली घालून बटण दाबलं आणि निघालो. बीचला जाणारे इथे करतात तसं, जाडे कपडे, हातमोजे सगळं क्लोजेटमध्ये ठेवून नुसत्या हूडीवर.

समुद्र निळाशार, वाळू कोमट. ईरा पाण्यात उड्या मारत होती. मी सात दिवस बूट घालून खुर्चीत बसलो, पाय काही बुडवले नाहीत. जे तिला मिळालं नाही, ते मला कशाला?

परतलो त्या दुपारी रेजिनात उणे चौतीस होतं. दार उघडलं तर आतही तोंडातून वाफ! फोटोपुढच्या वाटीतल्या पाण्याचा बर्फ झाला होता. थर्मोस्टॅट पाहिला... पंधरावर नव्हताच. न बघता मी तो चक्क बंद करून गेलो होतो.

तेवढ्यात ईरा ओरडली, "बाबा, माय मिटन्स आर वॉर्म!"

व्हेंटच्या जाळीवर हातमोज्यांचे तीन जोड ठेवलेले होते. अंगठे आत दुमडलेले. ईराचे मधोमध.

"तू ठेवलेस?" मी मंजिरीला विचारलं.

"मी कशाला? क्लोजेटमध्ये होते ना."

जाळीला हात लावला, तर लोखंड बर्फासारखं. माझे हातमोजे मात्र आतून गरम होते, आत्ताच कुणी हातात दिल्यासारखे. ते घालून मी तिथेच जमिनीवर बसलो आणि ईरासमोर ढसाढसा रडलो. आई गेल्यावर पहिल्यांदाच.

थर्मोस्टॅट चालू केला तरी फर्नेस लागेना, म्हणून बोलावलेला फर्नेसवाला सरदारजी संध्याकाळी आला. बेसमेंटमधून वर येऊन म्हणाला, "भाईसाब, ये तो हफ्ते भर से ठंडा पडा है." हातमोजे तेव्हाही हातातच होते, अजून गरम.

सात दिवसांची ऊबही जिला मी वेळेवर देऊ शकलो नाही, तिने...

मंजिरी म्हणते, घाईत आपणच ठेवले असतील. असतील. पण गरम कसे? यंदा पुन्हा जमैकाला निघालोय. या वेळी फोटोकडे नीट बघून आईला सांगणार आहे, मग थर्मोस्टॅटला हात लावणार आहे. आणि तिथे पोचल्यावर सगळ्यात आधी बूट काढणार आहे.