साहेबांची तिळाएवढी गांधीलमाशी

संग्रहालयाच्या कीटक विभागाचे साहेब मधमाश्यांच्या बाबतीत आपल्यापुढे कुणालाच मोजत नसत. त्यांच्या हाताखालच्या बाईंनी उमेदीची वर्षं दुसऱ्या कीटकांच्या पिल्लांवर जगणाऱ्या तिळाएवढ्या गांधीलमाश्यांवर घालवली होती. साहेबांनी त्यांना जिन्याखालची खोली आणि ‘गांधीलबाई’ हे नाव, दोन्ही उदार मनानं दिलं होतं.

एकदा मागच्या खिडकीच्या जुन्या चौकटीत साहेबांना पोळं न बांधता एकटी राहणाऱ्या दुर्मिळ देशी मधमाशीची मातीनं लिंपलेली घरटी सापडली. मग काय, साहेब हवेत तरंगू लागले. चौकट कापून काचपेटीत ठेवली, नगराध्यक्षांना आमंत्रण गेलं, बायकोला पहिल्या रांगेत जागा राखली.

“साहेब, लिंपणाला सुईएवढी भोकं दिसतायत,” गांधीलबाई म्हणाल्या. “आत भलतंच कुणीतरी शिरलंय.”

“तुम्हाला जिकडेतिकडे तेच दिसतं!”

समारंभात पडदा सरकला. पेटीत मधमाशी औषधालासुद्धा नव्हती. काचेवर काळे कण सैरावैरा पळत होते.

“चिलटं का हो ही?” नगराध्यक्षांनी विचारलं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. गांधीलबाईंनी भिंग लावलं आणि त्या हरखूनच गेल्या. “साहेब, ही गांधीलमाशी फक्त याच मधमाशीच्या घरट्यात वाढते. म्हणजे मधमाशीहूनही दुर्मिळ! मी पहिल्यांदाच जिवंत बघतेय.”

साहेबांनी घसा खाकरला. “मंडळी, नेमकं हेच तर दाखवायचं होतं! मधमाशी बिचारी भाबडी. पराग गोळा करायचा, पिल्लांची सोय लावायची आणि मरायचं. हिची हुशारी बघा! आयत्या घरात शिरते, आयतं खाते आणि ऐटीत बाहेर पडते.”

टाळ्या पडल्या. इतकं मनापासून आपण कधीच बोललो नव्हतो, असं साहेबांना वाटलं.

“अहो, पण हे आत्ता त्या बाईंनीच सांगितलं ना?” बायकोनं मोठ्यानं विचारलं. लोक हसले. साहेबही हसले, पण कान तापले होते.

पेटीवर पाटी लागली, साहेबांच्या नावानं. गांधीलबाई महिनाभरात दुसऱ्या संस्थेत गेल्या. आता टाचणीवरचे नमुने बघून शाळेची मुलं विचारतात, “यातला नर कोणता?” साहेब बराच वेळ भिंगात डोकावतात आणि म्हणतात, “आधी फुलपाखरं बघून या, ते दालन लवकर बंद होतं.”