गायकवाडबाई आणि दक्षिणेची बाजू

सूर्य पूर्वेला उगवतो, असं गायकवाडबाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. ‘वर्षातून दोनच दिवस,’ त्या म्हणायच्या. ‘एरवी तो इकडे नाहीतर तिकडे सरकलेला असतो. बघायला काय पैसे पडतात?’ विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्या गायकवाडसाहेबांसोबत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अख्ख्या बिल्डिंगला शिकवायला घेतलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे माझी शिकवणी रोजचीच.

कोणी वास्तुशास्त्र काढलं की बाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ‘आमच्या घरात बुद्धवंदना होते. दिशा बघून आम्ही भाकरीसुद्धा थापत नाही,’ असं त्यांनी तळमजल्यावरच्या देशपांडेकाकांना तोंडावर सुनावलं होतं. काका बरेच दिवस फुगून बसले. बाईंना त्याचं काही नव्हतं.

उन्हाळ्यात लिफ्टसाठी आणि पाण्याच्या पंपासाठी गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा देखरेख अर्थातच बाईंकडे. पॅनल दक्षिणेकडे तिरके ठेवायचे, म्हणजे थंडीत सूर्य दक्षिणेला कलला तरी ऊन अंगावर सरळ पडतं, हे त्यांनीच मला समजावलं होतं. गच्चीवर जाऊन पाहायचे कष्ट मात्र आम्ही कोणी घेतले नाहीत. बाई आहेत म्हटल्यावर कशाला?

मे महिन्यात सूर्य डोक्यावर, वीज झकास. पावसाळ्यात ढगांवर खापर फुटलं. थंडीत मात्र लख्ख ऊन असून वीज पार घसरली. सभेत मी तावातावाने बोललो. पॅनल बसवणाऱ्याने आपल्याला गंडवलंय, या भागात त्याला पुन्हा कोणी काम देणार नाही असं बघू, वगैरे. तो माणूस दाराशी उभा होता. बाईंकडे बघत होता, पण तोंड उघडत नव्हता.

बाई उठल्या.

‘त्यांनी दक्षिणच सांगितली होती. मी उत्तरेकडे फिरवायला लावले. म्हटलं, मी भौतिकशास्त्र शिकवलंय, मला शिकवू नका.’ मग म्हणाल्या, ‘ह्यांचं आजारपण चालू होतं. देशपांडेकाका म्हणाले, दक्षिण यमाची आणि पॅनल नेमके ह्यांच्या पलंगाच्या डोक्यावर. मी हसले. आणि दुसऱ्या दिवशी वर जाऊन सांगून आले.’

‘अहो, मी आपलं बोलून गेलो हो,’ काका पुटपुटले. बाईंची मान वर होईना. इतकी शरम मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

त्यांनी सगळ्यांदेखत त्या माणसाची माफी मागितली आणि स्वतः उन्हात उभं राहून पॅनल दक्षिणेकडे फिरवून घेतले. वीज वाढली.

होळीच्या सुमारास गायकवाडसाहेब गेले. डॉक्टरांनी केव्हाच आशा सोडली होती, तरी जिन्यात कुजबुज सुरू झालीच: पॅनल फिरवले ना!

मी भेटायला गेलो. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

‘तुमच्याही मनात आलं ना?’ त्यांनी विचारलं.

आलं होतं. बातमी कळल्या क्षणीच. माझी मला इतकी लाज वाटली, की नाही म्हणायचा धीर झाला नाही.

‘माझ्याही आलं,’ बाई म्हणाल्या. ‘मग इतकी वर्षं मुलांना मी काय शिकवलं हो?’