सलमाची चार वाजताची मुलाखत

दार नुसतं लोटलेलं होतं. कडीसुद्धा लावलेली नव्हती. एक बोट टेकवलं असतं तरी उघडलं असतं, आणि मी बाहेर स्वराला कडेवर घेऊन उभी. आत सलमाचा श्वास अडकल्यासारखा ऐकू येतोय, मध्येच ती इंग्रजीत बोलतेय, लॅपटॉपमधली माणसं काहीतरी विचारतायत, कुणीतरी हसलं... आणि परत तो श्वास. चार वाजून वीस मिनिटं झालेली. मी हात पुढे केला, मागे घेतला, परत पुढे केला. स्वरा माझी ओढणी ओढत होती, म्हणून तिच्या तोंडावर हात ठेवला, आवाज आत जाऊ नये म्हणून. बघा, त्या वेळी मला आवाजाची काळजी!

सलमाला जाऊन पाच आठवडे झाले. मी चिपळूणकडची, नववीपर्यंत शिकलेली, लिहायची सवय नाही. पण घरात जीव थांबत नाही. भाजी चिरता चिरता उठते, समोरच्या दारापर्यंत जाते, परत येते. माझे मिस्टर महेश इथं सौदीत, दम्माममध्ये, चिलर म्हणजे मोठे एसी दुरुस्त करायच्या कामाला आहेत. ते म्हणाले, लिही, पुरवणीला पाठव, डोक्यातनं जरा उतरेल.

सलमा आमच्या समोरच्या घरात राहायची. सुदानची. वडील हुफूफला खजुराच्या कारखान्यात, पहाटे जायचे, संध्याकाळी यायचे. आई तिकडं सुदानात अडकलेली. लढाई लागली तसं सलमाचं कॉलेज बंद पडलं, म्हणून ती वडलांकडं आलेली. मी व्हिजिट व्हिसावर नवीन, पोर लहान, भाषा येत नाही. पहिले दोन महिने मी कुणी बेल वाजवली तरी दार उघडत नव्हते. एकदा स्वरा खूप रडत होती आणि बाहेरून आवाज आला, "उम्म स्वरा, बच्ची मुझे दो, तुम नहाके आओ." इकडं बाईला पोराच्या नावानं हाक मारतात, उम्म म्हणजे आई. हिंदी ती सिनेमे बघून शिकलेली. मी खरंच पोर तिच्या हातात दिली आणि आंघोळीला गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोक्यावरून पाणी घेतलं.

ती क्वांटम कॉम्प्युटरचं शिकायची. मला काय कळणार! ती म्हणायची, ते मशीन इतकं थंड ठेवावं लागतं की त्याच्याहून थंड जागा शोधून सापडायची नाही. मी म्हटलं, इथं पन्नास डिग्रीत बसून तू बर्फाचा अभ्यास करतेस होय? महेश म्हणाले, "कॉम्प्रेसर कितीचा लागतो त्याला?" ती हसून हसून खाली बसली. म्हणाली, "भाई, जब अफ्रीका में हमारा अपना मशीन आएगा, आप मेंटेनन्स करना." महेश म्हणाले, "पगार किती? आधी ते बोल." तिच्या ओळखीची पोरं होती, कुणी केनियातलं, कुणी घानातलं. सगळी फोनवर एकत्र अभ्यास करायची. दूरच्या देशातल्या मशीनवर त्यांचा नंबर लागायचा, तेवढ्यात आपलं गणित चालवून बघायचं. म्हणायची, डोकं आमचं, पण मशीन नेहमी दुसऱ्याच्या घरी.

तिला दक्षिण आफ्रिकेत जायचं होतं. आफ्रिकेतल्या तरुण पोरांसाठी तिथं नऊ महिन्यांचं शिक्षण, राहणं-जेवण सगळं फुकट, आणि पुढं संशोधनाची जागा मिळायची आशा. जागा मोजक्या. मागच्या वर्षी तिचं नाव मुलाखतीपर्यंत गेलं आणि त्याच दिवशी ती दवाखान्यात. तिला सिकल सेलचा, रक्तातला आजार, लहानपणापासून. हाडं दुखायला लागली की उशी दातात धरायची. त्या लोकांनी कळवलं, पुढच्या वर्षी अर्ज करा. आता हे पुढचं वर्ष, आणि वयाच्या अटीत बसायचं शेवटचं.

एकदा ती म्हणाली, गोळी घेतली. मला खरं वाटेना. म्हटलं, माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांग. तिला कळलं नाही, मग मी समजावलं... आमच्यात पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडत नाहीत, मोडली तर पोरावर येते. ती म्हणाली, "अच्छा! मतलब ये तुम लोगों का पासवर्ड है." आणि मुकाट्यानं उठून गोळी घेतली.

त्या दिवशी दुपारी बारालाच तिला दुखायला लागलं. मी पाय दाबले, गरम पाण्याची पिशवी दिली. तीनपर्यंत छातीत दुखायला लागलं. मी म्हटलं, अँब्युलन्स बोलावू, वडलांना फोन करू. ती म्हणाली, "चार बजे, बस. फिर जहाँ बोलो वहाँ." मी फोन उचलला तसा तिनं माझा हात धरला आणि स्वराच्या डोक्यावर ठेवला. "बोलो, जब तक मैं नहीं बुलाऊँ, दरवाज़ा नहीं खोलोगी. फोन नहीं करोगी." मी म्हटलं, असं नको गं करू. ती म्हणाली, "उम्म स्वरा, इसके बाद मेरा नंबर कभी नहीं आएगा." ओठ पांढरे पडलेले. त्यावर तिनं लिपस्टिक लावली.

मी शपथ घेतली. माझ्याच पोरीच्या डोक्यावर.

पाऊण तास झाला. आतनं "थँक यू, थँक यू" आलं, लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला, मग तिनं हाक मारली, "यल्ला, आओ." मी धावले. ती खुर्चीत वाकलेली आणि हसत होती. "सब आ गया मुझे," म्हणाली. अँब्युलन्समध्ये तिनं माझा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. महेशनी डॉक्टरांना विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित, पण ठामपणे सांगता येणार नाही. ते 'कदाचित' घेऊन मी फिरतेय.

दवाखान्यातल्या बाकड्यावर तिच्या वडलांनी, कारखान्यात शिकलेल्या हिंदीत, मला विचारलं, "दर्द कब शुरू हुआ?" माझ्या तोंडून गेलं, "इंटरव्यू के बाद." ते नुसते मान हलवत राहिले. तेव्हापासून जिन्यात भेटले की म्हणतात, अल्हम्दुलिल्लाह, माझ्या पोरीनं ते तरी सुखानं केलं.

आठ दिवसांनी मेल आला. तिची निवड झालेली.

काल तिच्या वडलांनी मला बोलावलं. सलमाच्या खोलीत त्याच खुर्चीवर बसवलं. शिक्षण सुरू व्हायच्या दिवशी तिकडची माणसं सगळ्या पोरांपुढं तिच्याबद्दल बोलणार आहेत, त्यांनी काहीतरी मागवलंय. "तुम बाहर थी ना? उस दिन का सब बोलो. उसकी अम्मी को भी भेजूँगा." रेकॉर्डिंग सुरू करून फोन माझ्या तोंडापुढं धरला. स्वरा त्यांच्या मांडीवर. सेकंद पुढं पळतायत, आणि ते माझ्याकडं बघतायत, डोळे भरलेले, पण चेहरा इतका अभिमानाचा...

मी म्हटलं, पाणी आणते, आणि स्वराला उचलून घरी आले. अजून गेले नाही. ते वाट बघतायत. तुम्ही त्या दारापाशी असता तर उघडलं असतं का? आणि उघडलं नसतं, तर आज त्या माणसाच्या फोनमध्ये काय बोलला असता?