अप्पारावांची 'इम्प्रूव्ह' केलेली लिफ्ट

अप्पाराव खोटं बोलत नाहीत, हीच सरिताची खरी काळजी होती. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता येतं.

सोयगावच्या एका शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले अप्पाराव सिडकोतल्या सरिताच्याच सोसायटीचे सेक्रेटरी. कुणी आजारी पडलं की सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार. सरिताच्या मुलीला, संस्कृतीला, डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तेच बसून होते. पण नोटीस लिहायला घेतली की माणूस बदलायचा. 'रिपेअर' हा शब्द त्यांना चालतच नसे. तो लिहिला की आधी काहीतरी बिघडलं होतं, हे कबूल केल्यासारखं होतं. म्हणून बोअरची मोटर जळाली तेव्हा 'मेंटेनन्स' झालं, गच्ची गळायला लागली तेव्हा 'रिनोव्हेशन'.

मागच्या आठवड्यात ब्रेक बिघडून लिफ्ट हिसका देऊन दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत संस्कृती एकटी होती. तेव्हापासून लिफ्ट बंद. आज फळ्यावर अप्पारावांच्या वळणदार इंग्रजीत नोटीस लागली: लिफ्ट 'इम्प्रूव्ह' केली आहे, वापरावी.

सरिता लिफ्टमध्ये शिरली. नवा आरसा, नवा पंखा. आणि तिसऱ्या मजल्याखाली तोच हिसका.

ती तडक अप्पारावांच्या दारात गेली. "लिफ्ट दुरुस्त झाली का हो?"

"इम्प्रूव्ह केलीय ना ताई. लई भारी झाली आता."

"ते वाचलं मी. दुरुस्त झाली का?"

"तुम्ही इंग्लिश घेऊन बी.ए. झालेल्या, तुम्हाला मी काय सांगावं? इम्प्रूव्हमधी सगळं आलंच की."

"आरसा आला. ब्रेक आला का?"

"पोलिसात भरती का नाय झालात ताई तुम्ही?" अप्पाराव हसले, मग आवाज उतरवून म्हणाले, "रविवारी चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला पार्टी येतीय. तेवढं होऊ द्या. मग ब्रेकचं बी अपग्रेड करून टाकू."

तो फ्लॅट त्यांच्या मेव्हण्याचा होता, हे ते बोलले नाहीत.

सरिता घरी आली. लिफ्ट कंपनीला कळवलं तर माणसं येऊन लिफ्ट बंद करणार, पार्टी परत जाणार आणि अप्पाराव तिचं तोंडही बघणार नाहीत. इतक्यात खालून संस्कृतीची हाक आली, "आई, लिफ्ट सुरू झाली! येते गं!"

"जिन्यानं ये!" सरिता गॅलरीतून ओरडली आणि कंपनीचा नंबर लावायला तिनं मोबाइल हातात घेतला.