चार घरची जेवणं

ती घटना आजही आठवली की आधी हसू येतं आणि मागून जरा धस्स होतं. थोडक्यात वाचली ती पोर.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यात सहायक पोलीस निरीक्षक होते. येरमाळ्याच्या बाजूला मुलींची एक निवासी शाळा आमच्या हद्दीत होती. एका सकाळी तिथल्या अधीक्षिकाबाईंचा ठाण्यात फोन आला. नववीतल्या एका मुलीला न्यायला तिचे मामा आले होते. आजी सिरियस आहे म्हणत होते. पण मुलीची मैत्रीण बाईंना हळूच सांगून गेली होती, "बाई, सोडू नका तिला. तिची आजी कालच फोनवर खणखणीत बोलत होती."

स्टेशन डायरीला नोंद करून मी आणि आमच्या एक शिपाईबाई साध्या वेशात निघालो. मुलांची चौकशी गणवेशात करायची नसते.

मामा व्हरांड्यात बसले होते. "मॅडम, लवकर सोडा. म्हातारीचं काय खरं न्हाय."

"कुठल्या दवाखान्यात आहेत?"

"घरीच हायत. दवाखाना नगं म्हणत्यात."

मामांच्या डोक्यावर लग्नघरातल्यासारखी कोरी करकरीत टोपी होती. पण टोपीवरून काही सिद्ध होत नाही. त्यांना चहा सांगितला आणि आम्ही आत मुलीकडे गेलो.

घरी काही ठरलंय का, पाहुणे आले होते का, माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिचं उत्तर एकच, "न्हाय." शेवटी शिपाईबाईंनी सहज विचारलं, "सुट्टीत घरी काय काय खाल्लंस गं?"

पोरीची कळी खुलली. "लई मज्जा! चुलतीकडं, आत्याकडं, मावशीकडं, शेजारच्या काकीकडं, सगळ्यांनी जेवायला बोलावलं. पाटाभोवती रांगोळी काढली, ओवाळलं, वर ड्रेसपीस! आमी कबड्डीत तालुक्यात पहिल्या आलो ना!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ही तर केळवणं! लग्न ठरलं की नात्यातली माणसं नवरीला अशी जेवायला बोलावतात. फक्त नवरीला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर मामांचा चहा अजून संपला नव्हता. "चार केळवणं झाली. लग्न कधी आहे?" मी विचारलं.

बशी तोंडाशीच थांबली. "उद्या," ते म्हणाले.

मुलीचे वडील फाटकाबाहेर जीपमध्ये बसले होते. त्यांना बोलावून कायदा समजावला. अठरा पूर्ण होण्याआधी मुलीचं लग्न लावलं तर गुन्हा दाखल होतो, हे त्यांना पटलं. अडचण वेगळीच होती. "मॅडम, सगळ्या भावकीनं जेवणं घातली. आता त्यांना काय सांगू?"

आमच्यामागून बाहेर आलेली मुलगी वडिलांपुढे झाली. "दादा, मला दहावी करायची. अन् ती जेवणं कबड्डीची होती की!"

"मग तसंच सांगा भावकीला," शिपाईबाई म्हणाल्या. वडिलांनी डोळे पुसले, हसू मात्र त्यांना आवरेना.

हमीपत्र घेतलं, ग्रामसेवकांना कळवलं, बालकल्याण समितीपुढे मुलीला हजर केलं. ती शाळेतच राहिली आणि दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली.

त्या दिवशी मी एक शिकले. मुलांना काय झालं म्हणून विचारलं की ती गप्प होतात. काय जेवलीस म्हणून विचारलं की सगळं घर सांगतात. म्हणून, बाळांनो, व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला आधी जेवणाचंच विचारते. तुमच्या या आजीला दुसरं काही सुचत नाही असं समजून हसू नका. ती चौकशी असते.